परळीचे पाणी, उरणचा वायू

फेब्रुवारी २०१३ मध्ये बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथचे औष्णिक वीज केंद्र बंद पडले. यंत्रे धड होती, कामगार हजर होते. संपले होते ते पाणी. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून या केंद्राला पाणी मिळते. बंधारा भरतो तो वरच्या जायकवाडी आणि माजलगाव धरणांतून सोडलेल्या पाण्यावर, आणि त्या वर्षी मराठवाड्यात पिण्याच्या पाण्याचेच वांधे झाले होते. १,१३० मेगावॉट क्षमतेचे पाच संच एकापाठोपाठ एक थांबले. त्याच २०१३ सालात महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, रत्नागिरी जिल्ह्यात, दाभोळचे १,९६७ मेगावॉटचे वायूवरचे केंद्रही ठप्प झाले. तिथे पाण्याचा प्रश्न नव्हता, समुद्र शेजारीच होता. आंध्रच्या किनाऱ्याजवळच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातून येणारा वायू आटला होता. दोन केंद्रांची मिळून ३,०९७ मेगावॉट क्षमता कागदावर शाबूत राहिली आणि तारांत त्यातले काही उतरेना. महाराष्ट्रातील वायूवर चालणारी वीज केंद्रे हा या पुस्तकाचा विषय आहे, आणि बीड जिल्ह्यात असे एकही मोठे केंद्र नाही. तरीही प्रस्तावनेची सुरुवात परळीपासून करण्याचे कारण या दोन घटनांत आहे. दोन्ही केंद्रे बंद पडली, पण वेगवेगळ्या कारणांनी. विजेच्या भरवशाचा सगळा विचार मला या फरकापाशी येऊन थांबलेला दिसतो. एका संकटात सगळी केंद्रे एकदम बसू नयेत, यासाठी वेगवेगळ्या संकटांना बळी पडणारी केंद्रे राज्याजवळ असावी लागतात. वायू केंद्राची खरी किंमत त्याच्या युनिटच्या दरात शोधली तर सापडणार नाही. दुष्काळाच्या वर्षात ते काय करू शकते, यात ती शोधावी लागते.

विजेची चर्चा आपल्याकडे मेगावॉटने सुरू होते आणि मेगावॉटनेच संपते. एवढ्या मेगावॉटचा प्रकल्प मंजूर झाला, एवढ्या मेगावॉटचे भूमिपूजन झाले, राज्य स्वयंपूर्ण झाले, अशी भाषा राजकारणाला सोयीची असते. पण वीज धान्यासारखी कोठारात साठत नाही. ज्या क्षणी ती वापरली जाते त्याच क्षणी ती तयार व्हावी लागते, आणि हा तोल सांभाळला जातो आहे की नाही हे जाळ्याची वारंवारता सांगते. ती सेकंदाला ५० आवर्तनांच्या आसपास राहिली पाहिजे. आपल्या ग्रिडच्या नियमावलीत ४९.९० ते ५०.०५ एवढाच पट्टा योग्य मानला आहे. मागणी वाढली आणि निर्मिती वाढली नाही की वारंवारता घसरते. ती फार घसरली तर केंद्रे स्वतःला वाचवण्यासाठी जाळ्यातून सुटतात, आणि एक सुटले की उरलेल्यांवरचा भार वाढून पुढचे सुटते. ३० आणि ३१ जुलै २०१२ या लागोपाठच्या दोन दिवशी उत्तर आणि पूर्व भारत असाच अंधारात गेला. त्या दिवसांतही देशाची स्थापित क्षमता पुरेशीच होती. मुंबईत १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी लोकल गाड्या जिथल्या तिथे थांबल्या, तेव्हाही शहरातील केंद्रांची क्षमता कागदावर बरीच होती. पण बाहेरून स्वस्त वीज येत असल्याने त्या वेळी शहरात होणारी निर्मिती गरजेच्या मानाने फार कमी होती. कळवा-पडघे भागातल्या वाहिन्या तुटल्यावर मुंबईला उरलेल्या जाळ्यापासून बेटासारखे वेगळे काढून वाचवण्याची जी योजना अनेक वर्षे मुंबईचा अभिमान होती, ती त्या दिवशी उभी राहू शकली नाही. म्हणून प्रश्न विचारायचा तो असा: अमुक तारखेला, संध्याकाळी सात वाजता, या केंद्रातून किती वीज नक्की मिळेल?

या प्रश्नाला वायू केंद्र कोळशाच्या केंद्रापेक्षा वेगळे उत्तर देते, कारण त्याची रचनाच निराळी आहे. कोळशाच्या केंद्रात आधी भट्टी तापते, मग बॉयलरमधल्या पाण्याची वाफ होते, ती वाफ टर्बाइन फिरवते. थंड पडलेला संच पुन्हा जाळ्यावर यायला सहज अर्धा दिवस जातो, काही वेळा पूर्ण दिवसही. शिवाय तो फार कमी भारावर चालवता येत नाही. आपल्या बहुतेक जुन्या संचांना क्षमतेच्या निम्म्याच्या खाली उतरणे जड जाते. वायू टर्बाइनमध्ये वायू हवेत मिसळून थेट जळतो आणि त्या तप्त झोताने पाती फिरतात, विमानाच्या इंजिनात फिरतात तशी. त्यामुळे ते काही मिनिटांत सुरू होते. बाहेर पडणारी उष्णता वाया न घालवता तिच्यावर वाफ करून दुसरे टर्बाइन फिरवले की त्याला संयुक्त चक्र म्हणतात. त्यात इंधनातल्या उष्णतेपैकी निम्म्याहून अधिक भाग विजेत उतरू शकतो. आणि पाणी? संयुक्त चक्रात फक्त वाफेच्या भागापुरतेच पाणी लागते, कोळशाच्या केंद्राच्या साधारण निम्मे किंवा त्याहूनही कमी. नुसते वायू टर्बाइन चालवले तर जवळजवळ लागतच नाही. मराठवाड्याच्या वाचकाने ही शेवटची दोन वाक्ये पुन्हा वाचावीत.

कारण परळीची गोष्ट पाण्याचीच आहे. १९७१ मध्ये ३० मेगावॉटच्या छोट्या संचांनी हे केंद्र सुरू झाले. १९८० च्या दशकात २१० मेगावॉटचे तीन संच आले, २००७ आणि २०१० मध्ये २५० मेगावॉटचे दोन, आणि २०१६ मध्ये तेवढ्याच क्षमतेचा आठवा. जुने संच आता निवृत्त झाले असून २५० चे तीन, म्हणजे ७५० मेगावॉट, उरले आहेत. ज्या जिल्ह्याची ओळख ऊसतोड मजुरांचा जिल्हा अशी आहे, तिथे या केंद्राने पक्क्या पगाराच्या नोकऱ्या दिल्या, बाजारपेठ दिली, आणि एका तालुक्याच्या गावाचे नाव राज्याच्या विजेच्या नकाशावर ठळक केले. हे ऋण मान्य करूनच पुढचा हिशेब मांडावा लागतो. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जुन्या औष्णिक केंद्रांना एका मेगावॉट-तासामागे, म्हणजे हजार युनिटांमागे, जास्तीत जास्त साडेतीन घनमीटर पाण्याची मर्यादा घातली. ७५० मेगावॉट दिवसभर पूर्ण भाराने चालले तर १८,००० मेगावॉट-तास वीज होते आणि त्या मर्यादेने ६३,००० घनमीटर, म्हणजे ६ कोटी ३० लाख लिटर पाणी लागते. जलजीवन मिशनच्या माणशी रोजच्या ५५ लिटरच्या मापाने हे साडेअकरा लाख माणसांचे पाणी आहे. बीड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २५ लाख ८५ हजार होती. चांगल्या पावसाच्या वर्षी हा हिशेब कोणाला बोचत नाही. दुष्काळात मात्र जिल्हाधिकाऱ्यांपुढे एकच उत्तर उरते, आणि ते योग्यच असते: आधी पिण्याचे पाणी. २०१३ मध्ये तेच झाले. २०१५ मध्ये केंद्र पुन्हा थांबले आणि २०१६ चा पाऊस झाल्यावरच सावरले. मधल्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, यावरून त्या काळाची कल्पना यावी.

इथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे, कारण विजेच्या नियोजनात ती वारंवार निसटते. दुष्काळ परळीचे पाणी तोडतो, तसेच तो धरणांतून होणारी वीजही तोडतो, आणि त्याच वेळी विजेची मागणी वाढवतो. पावसाने ताण दिला की विहिरी-बोअरवरचे पंप जास्त तास चालतात, पाणी खोल गेल्याने तेवढ्याच पाण्याला जास्त वीज लागते, शहरांतले पंखे आणि वातानुकूलन यंत्रे पावसाळ्यातही सुटत नाहीत. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनच्या नोंदीतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि एरवी ज्या महिन्यात विजेची मागणी उतरते त्याच महिन्यात ती शिगेला गेली. म्हणजे पुरवठा घटवणारे आणि मागणी वाढवणारे कारण एकच. अशा वेळी सरासरीचे आकडे दिशाभूल करतात. वर्षाच्या सरासरीने परळी, कोयनेचे जलविद्युत केंद्र आणि विदर्भातली केंद्रे मिळून भागते असे दिसेल. पण वाईट वर्षात ती सगळी एकाच बाजूला झुकतात. वायू केंद्र या माळेतले नाही. त्याचे इंधन अरबी समुद्राच्या तळातून किंवा जहाजातून येते. जायकवाडीत किती टक्के साठा आहे याच्याशी त्याला देणेघेणे नाही.

मग वायू केंद्रे आपल्याला वाचवताना का दिसत नाहीत? उत्तर उरणमध्ये आहे. मुंबई हायचे तेल १९७४ मध्ये सापडले, आणि तेलाबरोबर वर येणाऱ्या वायूचा उपयोग करण्यासाठी वीज मंडळाने रायगड जिल्ह्यात उरणला वायू टर्बाइन केंद्र उभारले. १९८२ पासून तिथे निर्मिती सुरू झाली. पुढे १०८ मेगावॉटचे चार वायू संच आणि त्यांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर १२० मेगावॉटचे दोन वाफेचे संच, अशी ६७२ मेगावॉटची रचना झाली. सरकारी मालकीचे, मुंबईच्या तोंडाशी असलेले, लवकर सुरू होणारे असे हे केंद्र राज्याजवळ चाळीस वर्षांहून अधिक काळ आहे. पण त्याला पूर्ण गरजेइतका वायू कित्येक वर्षांत मिळालेला नाही. देशांतर्गत वायू कोणाला आधी द्यायचा हे दिल्लीत ठरते, आणि त्या रांगेत खत कारखाने, वाहनांचा सीएनजी आणि घरगुती पाइप गॅस विजेच्या पुढे उभे आहेत. या क्रमावर माझा सरसकट आक्षेप नाही. खताची टंचाई बीडच्या शेतकऱ्याला भारनियमनाइतकीच मारते. आक्षेप आहे तो वेगळ्या गोष्टीवर: उरणचा वायू कमी केला तेव्हा त्याबरोबर राज्याच्या भरवशाच्या विजेतूनही तेवढी क्षमता वजा झाली, हे कोणी उघडपणे मांडले नाही. देशभरातच हे घडले. २०२४ मध्ये भारतात वायूवरच्या केंद्रांची क्षमता २५,००० मेगावॉटच्या घरात होती आणि तिच्यातला फार थोडा भाग प्रत्यक्ष चालत होता. संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने २०१९ मध्ये अशा अडकून पडलेल्या १४,३०५ मेगावॉटचा हिशेब मांडला होता. पण एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने वीज कायद्याच्या कलम ११ चा आधार घेऊन याच बंद पडलेल्या वायू केंद्रांना मे आणि जूनसाठी चालू होण्याचे आदेश दिले, आणि उष्णतेच्या लाटेत देशाची मागणी ३० मे रोजी अडीच लाख मेगावॉटला भिडली. एरवी ज्यांना ओझे म्हटले जाते त्यांची आठवण कठीण दिवशी येते, आणि ती आदेशाने काढावी लागते. इंधनाची आधी केलेली तरतूद असती तर आदेशाची गरजच पडली नसती.

आता आक्षेपांकडे. पहिला आणि सर्वांत जड आक्षेप दाभोळचा. वायूच्या विजेचे नाव काढताच महाराष्ट्रात एन्रॉन आठवते, आणि ते आठवलेच पाहिजे. डिसेंबर १९९३ मध्ये वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी करार केला. १९९५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला आणि पुढच्याच वर्षी फेरवाटाघाटी करून पुन्हा स्वीकारला. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला तो वायूवर नव्हे, महागड्या नाफ्त्यावर. वीज घेतली नाही तरी मोठी रक्कम देणे भाग होते, तीही डॉलरशी बांधलेली. २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले, माधव गोडबोले यांच्या समितीने त्याच वर्षी कराराची चिरफाड केली, आणि डिसेंबरात एन्रॉन स्वतःच दिवाळखोरीत गेली. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थेने हा करार जनतेच्या पैशाला किती महाग पडेल याचे गणित आधीच मांडले होते, ते खरे ठरले. या सगळ्यातून वायू नको असा धडा काढणे मला चुकीचे वाटते. दाभोळची चूक अशी होती की महाग इंधनाचे केंद्र अहोरात्र चालणार असे गृहीत धरून त्याचा करार केला गेला. जे केंद्र वर्षातले काही शे तास, टंचाईच्या वेळी, चालवायला हवे होते ते विजेच्या रोजच्या गरजेचा पाया म्हणून विकले गेले. विळ्याचे काम करायला कोणी नांगर घेतला आणि पीक हाती आले नाही, तर दोष नांगराचा नसतो.

दाभोळचा उत्तरार्ध मात्र अधिक शिकवणारा आहे आणि त्याची चर्चा कमी होते. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली, केंद्र पुन्हा चालू झाले आणि २००९ पासून कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूवर ते काही काळ चांगले चाललेही. तो वायू आटल्यावर कंपनीने म्हटले, आयात वायूवर आम्ही वीज द्यायला तयार आहोत, तेव्हा स्थिर आकार द्या. महावितरणने म्हटले, अशा महाग वायूला आमची संमतीच नव्हती, तेव्हा पैसे कसले? हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२३ मध्ये महावितरणचे अपील फेटाळले गेले. तयारीचे पैसे ग्राहकाच्या माथी आले, पण त्या वर्षांत तयारीचा उपयोग मात्र ग्राहकाला झाला नाही. तयार असणे म्हणजे नेमके काय, हे करारात स्पष्ट नसले की असे होते. यंत्र चालू स्थितीत आहे एवढ्याने केंद्र तयार ठरत नाही. इंधन टाकीत आहे किंवा नळीत येणार हे पक्के आहे, पाणी आहे, वाहिनी मोकळी आहे, आणि कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्राने न कळवता घेतलेल्या चाचणीत ते ठरल्या वेळेत जाळ्यावर आले, तरच ते तयार मानावे. हीच कसोटी परळीलाही लावावी. खडका बंधाऱ्यात किती दिवसांचे पाणी आहे हे ज्या दिवशी परळीच्या उपलब्धतेच्या आकड्यात दिसू लागेल, त्या दिवशी तो आकडा खरा होईल.

दुसरा आक्षेप दराचा. चांगल्या संयुक्त चक्र केंद्रात एक एमएमबीटीयू (वायूतली उष्णता मोजण्याचे एकक) वायूपासून साधारण १३० युनिट वीज होते. आयात वायू केंद्राच्या दारात १२ डॉलरला पडला आणि डॉलर ८५ रुपये धरला, तर एका युनिटमागे नुसत्या इंधनाचाच खर्च पावणेआठ-आठ रुपये येतो. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे आयात वायूचे भाव याच्या कित्येक पट गेले होते. ही वीज रोज घेणे महाराष्ट्राला परवडणार नाही, आणि घेऊही नये. पण हिशेब तासांचा आहे. वीज बाजारात टंचाईच्या संध्याकाळी दर प्रतियुनिट १० रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकतात आणि त्या दराने मागूनही पुरेशी वीज मिळत नाही. तेव्हा तुलना वायूच्या आठ रुपयांची कोळशाच्या तीन-चार रुपयांशी करून चालत नाही. ती मिळतच नसलेल्या विजेशी करावी लागते. दाभोळच्या किनाऱ्यावर द्रवरूप नैसर्गिक वायू साठवण्याच्या टाक्या आहेत, प्रत्येकी १ लाख ६० हजार घनमीटरच्या. अशा एका भरलेल्या टाकीतल्या वायूपासून ढोबळमानाने ४८ कोटी युनिट वीज होऊ शकते. दाभोळचे सगळे केंद्र रोज संध्याकाळी चार तास चालवले तर ही टाकी दोन महिने पुरेल. साठवलेला वायू हळूहळू उकळून कमी होत राहतो, त्यामुळे ती वर्षानुवर्षे भरून ठेवता येत नाही. लाटारोधक भिंत अपुरी असल्याने पावसाळ्यात तिथे जहाजे लागत नव्हती, अशीही अनेक वर्षे गेली. या अडचणी खऱ्या आहेत. तरीही पावसाचा अंदाज वाईट असलेल्या वर्षी मे महिन्यात एक टाकी राज्याच्या नावाने भरून ठेवणे हा निर्णय आवाक्यातला आहे. धरणातल्या साठ्यावर आपण रोज बातम्या वाचतो. विजेच्या इंधनाचा असा साठा राज्याला असावा, हा विचार मात्र अजून रुजलेला नाही.

तिसरा आक्षेप नव्या काळाचा आहे आणि मी तो सर्वांत गांभीर्याने घेतो. सूर्यप्रकाश फुकट आहे, बॅटऱ्या दरवर्षी स्वस्त होत आहेत, कोयना आहेच. मग समुद्रातून वायू कशाला आणायचा? सौर विजेबद्दल वाद नाही. २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात कृषी फीडरना दिवसा वीज देण्याचे काम सुरू झाले आहे, आणि रात्री दोन वाजता विंचू-सापाच्या भीतीत पाणी धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला याचे मोल कोणी समजावून सांगायला नको. त्याने रात्रीचा शेतीचा भारही उतरतो. पण सूर्य मावळल्यावर घरांची, दुकानांची, पाणीपुरवठा योजनांची मागणी उरतेच, आणि त्या दोन-तीन तासांत सौर विजेची जागा कोणीतरी भरून काढावी लागते. बॅटरी ते काम करू शकते, दोन ते चार तासांपुरते. माझ्या मते रोजच्या संध्याकाळचे काम पुढच्या काही वर्षांत बॅटरीकडेच जाईल आणि जावे. आठवडाभर ढग दाटून राहिले, किंवा ऑक्टोबर २०२१ सारखी कोळशाची टंचाई आली, तर बॅटरी भरणार कशाने? त्या वेळी महावितरणला वीज देणारे १३ संच, ३,३३० मेगावॉटचे, कोळशाअभावी बंद पडले होते. कोयना १,९६० मेगावॉटची आहे आणि मिनिटांत सुरू होते. तिच्याइतका मौल्यवान साठा राज्याकडे दुसरा नाही. पण कृष्णा पाणी तंटा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे, आणि दुष्काळात त्याच पाण्यावर खालच्या सांगली-सोलापूरच्या शेतीचाही डोळा असतो. म्हणजे पुन्हा पाऊस. सूर्य, बॅटरी, कोयना आणि वायू यांत एकाला निवडून बाकीचे टाकायचे असा हा प्रश्नच नाही. प्रत्येकाची हतबलतेची वेळ वेगळी आहे, आणि वायूची वेळ युद्ध आणि डॉलर ठरवतात, मान्सून नव्हे.

चौथा आक्षेप दूरच्या तज्ज्ञांकडून येत नाही, तो केज, धारूर, पाटोद्याच्या वस्त्यांवरून येतो. लाईट जाते ती डीपी जळाली म्हणून, तार तुटली म्हणून, वायरमन आला नाही म्हणून. उरणला वायू आला काय अन् नाही आला काय, आमच्या विहिरीवर काय फरक पडणार? हा आक्षेप बहुतांशी बरोबर आहे आणि कोणत्याही निर्मिती केंद्राच्या समर्थकाने तो ऐकून घेतला पाहिजे. गावात जाणवणारे बहुतेक खंड वितरणाचे असतात, आणि त्यावर उपाय रोहित्रे, फीडर आणि माणसे हाच आहे. पण दोन्हींचा संबंध अगदीच तुटलेला नाही. थ्री फेज वीज मोजके तास आणि बेभरवशाच्या वेळी मिळते, म्हणून प्रत्येक पंपाला ऑटो स्विच बसतो. वीज आली की डीपीवरचे सगळे पंप एकाच क्षणी उठतात, भार क्षमतेबाहेर जातो आणि डीपी जळते. पुरवठ्याची वेळ पक्की असेल तर पंप आळीपाळीने चालवता येतात. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत जिथे गळती जास्त आणि वसुली कमी, तिथे जास्त तास अंधार, असा नियम होता, आणि त्याचा सर्वाधिक मार बीडसारख्या जिल्ह्यांनी खाल्ला. राज्यात तूट आली की ती वाटताना अशा फीडरचा नंबर पहिला लागतो. म्हणून राज्याची तूट हा बीडचा प्रश्न आहे, मुंबईपेक्षाही जास्त.

वायू हेही जमिनीखालचेच इंधन आहे, त्याने हवामान बिघडते, हा आक्षेप खरा आहे. गळणारा मिथेन हा तर कार्बन डायऑक्साइडपेक्षाही वाईट. पण एका युनिटमागे कोळशाच्या साधारण निम्माच कार्बन, आणि राख शून्य. परळीजवळच्या दादाहरी वडगाव परिसरात उडणाऱ्या राखेने ज्यांच्या पिकांवर थर धरले आहेत, त्यांना या शून्याचा अर्थ कळतो. वर्षात मोजके तास चालणाऱ्या वायू केंद्रामुळे जुना कोळशाचा संच केवळ राखीव म्हणून रोज धुमसत ठेवावा लागत नसेल, तर पर्यावरणाच्या हिशेबातही ते केंद्र जमेच्याच बाजूला येते.

पुढची प्रकरणे वाचताना एक गोष्ट वाचकाने मनाशी धरावी अशी माझी विनंती आहे. परळीत वायूचे केंद्र आणा, अशी मागणी करण्यासाठी हे लिहिलेले नाही. वायूची वीज कुठेही झाली तरी गिरवलीच्या उपकेंद्रातून ती बीडला पोहोचू शकते, आणि परळीचे तीन संच पाणी असेल तेव्हा मराठवाड्याच्या जाळ्याला जो दाबाचा आधार देतात त्याचीही गरज राहणारच आहे. त्यांना शुद्ध केलेले सांडपाणी मिळावे यासाठी नेट धरणे हे जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींचे काम आहे. नागपूरच्या सांडपाण्यावर कोराडी आणि खापरखेड्याची केंद्रे चालतात, तेव्हा ही कल्पना नवी नाही. पण त्यापलीकडे एक काम सामान्य ग्राहकाच्या हातात आहे. राज्य वीज नियामक आयोगाने २०२४ मध्ये निर्मिती-पर्याप्ततेचे नियम केले आहेत. प्रत्येक वीज कंपनीने येत्या वर्षांची मागणी कशी भागवणार याचा आराखडा त्यानुसार द्यायचा आहे. महावितरणच्या दरवाढीच्या याचिकांवर आयोग छत्रपती संभाजीनगरला जाहीर सुनावणी घेतो आणि तिथे कोणाही ग्राहकाला लेखी हरकत दाखल करता येते. पुढच्या सुनावणीत बीड जिल्ह्यातून एवढीच विचारणा व्हावी: गेल्या दुष्काळासारखे वर्ष आले तर परळीचे किती मेगावॉट धरले आहेत, उरणला त्या वर्षासाठी किती वायू पक्का केला आहे, आणि दोन्ही कमी पडले तर पहिले भारनियमन कोणत्या फीडरवर होणार आहे? उत्तर लेखी मागावे, आणि ते मिळेपर्यंत हरकत मागे घेऊ नये.